मायने अडवलेलं बेसांव

तो वैशाख मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसलेली. मालवणच्या बंदराबाहेर आगबोट उभी राहिली, तरी ती पाण्यात आहे की हवेत ते कळायचं नाही. आणि त्या धुरकट उजेडात माझा थोरला भाऊ इनास दिवसभर माडाखाली लोळत असायचा. मला त्याचा असा राग यायचा म्हणून सांगू!

गोव्याहून चोरून आलेली दारू ढोसून त्याने शेजारच्या काशीरामकाकांची होडी मजेखातर पाण्यात लोटली होती आणि खडकावर घालून फोडली होती. काकांचं पोट त्या होडीवर. पण काका म्हणजे देवमाणूस. दुसऱ्याच दिवशी दारात येऊन मायला म्हणाले, "जावंदे गो फिलसूबाय, पोरगो आसा. माझ्या मनात काय एक नाय." पाद्रीबाबांनीही पापाची कबुली ऐकून त्याला क्षमा केली. झालं, इनासच्या लेखी गंगेत घोडं न्हालं!

मायने मात्र निराळंच धरलं. आमच्यात संध्याकाळची प्रार्थना संपली की धाकट्यांनी थोरांकडे बेसांव मागायचं, म्हणजे आशीर्वाद. माझ्या डोक्यावर मायचा हात आला. इनास पुढे झाला, तेव्हा तिने हात पदराखाली घेतला.

"काकान माफ केल्यान, पाद्रीन केल्यान," इनास चिडला. "तूच तेवडी रवलंस!"

"मी पयल्याच दिसाक केलंय," माय म्हणाली. "तुझां जेवाण बंद केलंय? हातरूण काडून घेतलंय? पण बेसांव वाटेक लागलेल्याक देतत. तू तर हयच लोळतंस."

मुंबईच्या मामाने त्याच्यासाठी जहाजावर खलाशाची नोकरी बघून ठेवली होती. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट जवळ आली होती. पण आईचं बेसांव घेतल्याशिवाय आमच्यातला कोणी बोटीत पाय ठेवत नाही. ही नोकरी हुकली की इनास माडाखालीच सडणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मग एका सकाळी त्याने काकांना दुसऱ्याच्या होडीवर वल्ही मारायला जाताना पाहिलं. या वयात, गड्यासारखं. दुपारी मी कुंपणावरून डोकावले, तर पालथ्या होडीची फळी तो खांद्याने दाबून धरत होता आणि काका खिळे ठोकत होते. पुढे रोज तेच. फटींत काथ्या भरायचा, वर माशाचं तेल फासायचं. घरी आला की नाक धरावं लागे, पण दारूचा वास नसायचा.

होडी तयार झाली. संध्याकाळी इनासने मान खाली घालून बेसांव मागितलं. मायचा हात पदराखालीच. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. माझा तोल गेला. "तू माय आसंस की धोंडो?" मी ओरडले. मायने त्याच्या पेजेशेजारी सुक्या बांगड्याचा मोठा तुकडा ठेवला आणि आत निघून गेली.

आगबोटीच्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आगबोटीपर्यंत त्याला काकाच आपल्या होडीतून सोडणार होते. इनास मायपुढे गुडघे टेकून बसला. या खेपेला त्याने मागितलंसुद्धा नाही. मायने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत. मग होडी त्या पांढऱ्या उजेडात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी खुशीत होते. "माय, तुझी शिस्त लागू पडली गो!"

माय मटकन वाळूत बसली. "शिस्त खंयची? फळी बसली तेवाच बेसांव देवचां होतां. पण दिलंय तर जातलो, ह्या माका ठावक होतां. म्हणान हात लपवन ठेवलंय. पोर रोज मागी होतो गो!"

मला तिचा राग यायला हवा होता. मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही दोघी रडलो.