भिंतीपलीकडची पिवळी चादर

आमच्या वस्तीसमोरची ती आवाज अडवणारी भिंत मूळ नकाशात नव्हतीच. ती मी घुसडली, या रेल्वेमार्गाच्या इंजिनीअरने. दोन देशांना जोडणारी सुसाट गाडी, चाचणीला सीमेपलीकडचे पाहुणे येणार, आणि खिडकीतून त्यांना दिसणार काय? आमचे गंजके पत्रे, दोरीवरच्या चड्ड्या आणि बनियनवर दात घासणारे माझे वडील! साहेब झालो होतो ना मी.

आईला वाटलं, भिंत तिच्या झोपेसाठी आली. "पोराला काळजी आहे हो माझी," असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. मी तिचा तो समज तसाच राहू दिला.

चाचणीच्या सकाळी तिचा फोन आला. "भिंतीमुळे मी काही दिसायची नाही तुला. शेजारच्या गच्चीवरून काठीला तुझी जुनी पिवळी चादर बांधून हलवते. बघशील ना?"

गाडी भिंतीपाशी आली. भिंतीच्या वर क्षणभर काहीतरी पिवळंधमक जोरजोरात हललं.

"ते काय होतं?" पाहुण्या बाईंनी हसून विचारलं.

"कामगारांची काहीतरी खूण असेल," मी म्हणालो.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन. "दिसली का रे चादर?"

"दिसली. पाहुण्यांनीही विचारलं."

"अगंबाई! मग सांगितलंस ना, कोण ते?"

"हो."

तिने तिकडे वडिलांना हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आपली ओळख करून दिली त्याने!"