अंगावरची खडी

मी नदीवरचा रेल्वेपूल बोलतोय. आवाज जरा मोठा वाटेल, पण अंगावरून गाडी धडधडत जात असताना हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?

तारुण्यात माझ्यावरून हलकी इंजिनं जायची. पुढे इंजिनंही माणसांसारखी अंगाने सुटत गेली. दर वेळी माझी ताकद नव्याने ठरवायला कोणीतरी येई. गंमत अशी, की ती माझ्यातल्या सर्वांत अशक्त तुळईवरून ठरते. घराण्याची अब्रू धाकट्या दिरावर ठरावी, तशी.

यंदा खनिजाच्या अवजड मालगाड्या सुरू व्हायच्या होत्या. माझ्या अंगाला तारा चिकटवल्या, ठाऊक वजनाचं इंजिन आणून उभं केलं, मी किती वाकतो ते पाहिलं. हिशोब सोपा असतो: माझ्या ताकदीतून माझं वजन आणि रूळ-खडीचं वजन वजा करा, उरेल ते गाडीचं. उरत होतं ते पुरत नव्हतं.

"म्हातारा झाला," मोठे साहेब म्हणाले. "पाडा आणि नवा बांधा."

"सर, लोखंड ठणठणीत आहे," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "मग ताकद जाते कुठे?"

"वयात जाते. माझ्याकडे बघा की!"

बाई हसल्या, पण वर चढल्या आणि रुळाशेजारची खडी उकरू लागल्या. नकाशात खडी वीतभर होती. बाईंचा हात कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागेना.

"मुकादम, हे काय?"

"रूळ खाली दबला की आम्ही खडी टाकतो, बाई. वर्षानुवर्षं टाकतोय."

"आणि काढता कधी?"

"काढा म्हणून कुणी सांगितलंच नाही!"

साहेब नदीकडे बघू लागले. सांगायचं काम त्यांचं होतं.

जादा खडी निघाली, रूळ खाली उतरले, हिशोब पुन्हा मांडला. वेगाने हादरे वाढतात, म्हणून गाड्यांनी सावकाश जायचं ठरलं आणि मी पास झालो. आता अवजड गाड्याही माझ्यावरून चोरपावलांनी जातात. मजेत आहे मी.

परवा तेच मोठे साहेब, आता निवृत्त झालेले, घरच्यांसोबत पॅसेंजरने गेले. गाडी सावकाश, त्यामुळे डब्यातलं नीट दिसतं. त्यांच्या मांडीवर बायकोची पिशवी, तिच्यावर सुनेची, तिच्यावर नातवाचं दप्तर. बाकीचे खिडकीतून नदी बघत होते.

"बाबा, हल्ली तुम्ही लवकर थकता हो," सून म्हणाली.

अहो, आधी जरा उकरून तरी बघा!