सातव्या वाफ्यातली हाळी

मार्गशीर्षातलं ऊन खाजणावर उतरतं ते तिरपं, पातळ, काचेच्या धारेसारखं. भरती मागे हटलेली असते. ओल्या चिखलावर आभाळाचा निळा तुकडा पडलेला असतो आणि त्या निळाईतून एक बगळा, आभाळ जराही न मोडता, पाय उचलत चाललेला असतो. बांधामागे बांध, वाफ्यामागे वाफा, क्षितिजापर्यंत आखलेली ती मृण्मय, जलतृप्त, प्रकाश पिणारी भूमी म्हणजे खारबोरीचं मिठागर. एकूण बावीस वाफे.

सहाव्या वाफ्यापर्यंत हा प्रकाश नुसता प्रकाश असतो. सातव्यावर तो आला की गावाची मान खाली जाते.

चौतीस वर्षं जाते आहे.

त्या सकाळीही असंच ऊन होतं. असाच बगळा, अशीच निळाई. आणि सातव्या वाफ्याच्या मऊ, नव्याने भिजवलेल्या चिखलात, पूर्वेच्या बांधाखाली, नीरा पालथी पडली होती. वय सहा वर्षं. अंगात जांभळा झगा. गळ्यावर पाच बोटं. दोन दिवसांपूर्वी, भर दुपारी, आईसाठी भाकरी घेऊन ती घरातून निघाली होती. घर ते मिठागर अर्धा मैल. त्या अर्ध्या मैलात कुणीतरी तिला उचललं. भाकरीचं फडकं वाटेत सापडलं, गाठ न सुटलेलं.

तिच्या आईने, गोमीबाईने, पोरीला आधी पाहिलं आणि मग पोरीभोवतीचा चिखल पाहिला. आई होती म्हणून पोरीला पाहिलं. मिठागरात जन्म गेला होता म्हणून चिखल पाहिला.

चिखलात पावलं होती. बांधावरून आत आलेली, खोल रुतलेली, ओझ्याची पावलं. आणि परत फिरलेली, उथळ, मोकळी, हलकी पावलं. उजव्या पायाची करंगळी बाहेर फाकलेली. टाच आतल्या बाजूला झिजलेली. चिखलाने सारं सांगितलं होतं. पाटीवर गिरवल्यासारखं स्वच्छ, सुबक, सविस्तर सांगितलं होतं. फक्त ते वाचणारा माणूस यायचा बाकी होता.

मिठागराचा मुकादम हाशा भोईर तो माणूस आणायला निघाला. पोलीस चौकी खाडीपलीकडे होती. होडी सोडताना तो ओरडून सांगून गेला, "वाफ्यात कोनी उतरू नका रं! कोनी म्हंजे कोनी नाय!" तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. त्याआधीच, पावलं चुकवून, पोरीला चटईत गुंडाळून घरी नेलं होतं. गोमीबाई तिच्यासोबत गेली. वाफा उघडा राहिला. पावलं उघडी राहिली.

दहा वाजता तुडवणीची हाळी उठली.

तुडवणी म्हणजे काय, ते खारबोरीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मीठ धरण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. बाया-बाप्ये खांद्याला खांदा लावून ओळीने उभे राहतात, कंबर वाकवतात आणि एका तालात पाय हाणत पुढे सरकतात. ताल देणारा, मुकादम किंवा एखादा जाणता बाप्या, वर, बांधावर उभा असतो. तो हाळी देतो, "पाय दे!" खालून सगळे म्हणतात, "दिला!" पुन्हा हाळी, पुन्हा पाय. मान खाली, डोळे शेजाऱ्याच्या पावलावर. वर कुणी बघायचं नाही. जो वर बघतो त्याच्या पायाखाली खळगा राहतो, आणि खळगा राहिला की तिथे मीठ काळं पडतं. लहानपणी प्रत्येकाच्या पाठीत यासाठी रट्टा बसलेला आहे. खारबोरीत माणूस चालायला शिकतो आणि लगेच खाली बघायला शिकतो.

आणखी एक रीत आहे. वाफ्यात जीव गेला तर पुढच्या भरतीचं पाणी आत यायच्या आधी तो वाफा तुडवून घ्यायचा. नाहीतर वाफा विटतो, मीठ धरत नाही. त्या दिवशीची भरती अकराची होती.

म्हणून हाळी उठली तेव्हा मुकादमाने बजावलं होतं त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. हाळी म्हणजे हाळी. सुन्न, भेदरलेले, रात्रभर न झोपलेले एक्केचाळीस लोक वाफ्यात उतरले आणि खांद्याला खांदा लावून वाकले. पाय दे! दिला. पाय दे! दिला. ओझ्याच्या पावलावर पाय, मोकळ्या पावलावर पाय. फाकलेल्या करंगळीवर एक्केचाळीस जणांचे ब्याऐंशी पाय. त्यांत दोन पाय पोसू घरतचे होते. पोसू म्हणजे नीराचा बाप.

एका तासात वाफा आरशासारखा झाला. त्यात आभाळ पुन्हा पडलं, निळं, निर्मळ, निर्लज्ज.

दीड वाजता पोलीस आले. साहेबांनी बूट काढले नाहीत. बांधावरून त्यांनी वाफा पाहिला आणि कागदावर एक ओळ लिहिली, की जागेवर पावलांचे ठसे आढळून आले नाहीत. वाफा कुणी तुडवला, हे त्यांनी विचारलं नाही. का तुडवला, हेही विचारलं नाही. गोमीबाईने फाकलेल्या करंगळीचं सांगितलं तेव्हा ते शेजारच्या शिपायाला म्हणाले, "धक्क्यात आहे बाई. लिहू नकोस." शिपायाने लिहिलं नाही. हाशानेही तेच पाहिलं होतं, तेच सांगितलं. "तुम्ही एकमेकांचं ऐकून बोलताय," साहेब म्हणाले. मग चहा आला.

त्या हंगामात सातव्या वाफ्याचं मीठ नेहमीपेक्षा पांढरं पडलं. शुभ्र, टपोरं, चांदण्याच्या खड्यांसारखं. गावाने ते भरलं, विकलं, जेवणात घातलं.

हाळी कुणी दिली?

मुकादम होडीत होता. मग बांधावर कोण होतं? गोमीबाईने तेराव्याला विचारलं, महिन्याने विचारलं, वर्षश्राद्धाला विचारलं. प्रत्येकाने तेच सांगितलं. मान खाली होती. आवाज आला, आम्ही उतरलो. बाप्याचा आवाज होता. कुणाचा? मान खाली होती. पोसूही तेच म्हणाला. त्यानंतर तो सोळा वर्षं जगला, पण बायकोसमोर पाय पसरून कधी बसला नाही. पाय धोतरात झाकून बसायचा. मेला तेव्हा गोमीबाईनेच ते पाय सरळ केले.

हाळी देणारा तोच मारणारा, असं म्हणता येत नाही. एखादा भोळा, रीतीचा धाक असलेला माणूसही ती देऊ शकतो. पण भोळा माणूस दुसऱ्या दिवशी छाती बडवून सांगतो, की मी दिली हो, मीच मूर्ख. चौतीस वर्षांत तसं सांगायला एकही माणूस पुढे आला नाही. एकही नाही. गोमीबाईचा संताप इथे होता. नखाएवढा, निखाऱ्याएवढा, आणि रोज सकाळी फुंकर घालून जिवंत ठेवलेला.

यंदा मिठागर बंद होणार होतं. गोदामांसाठी जमीन गेली होती. पहिल्या चार वाफ्यांत मुरूम येऊन पडला होता, तांबडा, परका, कोरडा. गावाने ठरवलं, शेवटची एक तुडवणी करू. आणि सातवा वाफा उरलेल्यांत सगळ्यात मोठा होता.

ठरल्या दिवशी सकाळी लोक आले तेव्हा सातव्या वाफ्याच्या मधोमध गोमीबाई उभी होती. सहासष्ट वर्षांची, काटकुळी, कासोटा घट्ट खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. एखादा खांब भरतीने उघडा पाडावा तशी.

"तुडवा," ती म्हणाली. "पन त्या दिसाला जो जिथं व्हता, त्यानं तिथंच उभं ऱ्हायचं. बाकीच्यांनी बांधावर बसा."

एक्केचाळीसपैकी एकोणीस जिवंत होते. त्यातले सोळा आले होते. कुणी हलेना.

बारकीबाई ठाकूर तिची बालमैत्रीण. त्या दिवशी तीही तुडवायला होती. ती म्हणाली, "गोमे, आता कशाला गो उकरतंस? पोर काय परत येनार हाय?"

"पोर नाय येनार. नाव तरी येल."

जोमा पाटील हसत म्हणाला, "मना काल काय जेवलू त्ये आठवत नाय, आन् ही चौतीस वरसांचा इचारते!" दोघे-तिघे हसले. हसू बांधापर्यंत गेलं आणि तिथेच पडलं.

"जेवान नको आठवू, जोमा. पाय कुठं व्हता त्ये आठव. पोरीच्या अंगाखालचा चिखल तुडवताना तुझा पाय बरा हालत व्हता. मान तेवढी हालली नाय."

जोमाचं हसू विझलं. तोच आधी उतरला. मग बारकीबाई. मग एकेक करत सोळाही जण.

आणि तेव्हा ते घडलं, जे चौतीस वर्षांत कुणी घडू दिलं नव्हतं. म्हाताऱ्या पायांना जागा आठवल्या. "माझ्या डावीकडं पोसू व्हता," कुणी म्हणालं आणि पोसूएवढी जागा सोडून उभं राहिलं. "हितं माझी आय." आईएवढी जागा रिकामी राहिली. जिवंतांच्या मधून मेलेले उभे राहिले. पंचवीस रिकाम्या जागा आणि सोळा वाकलेल्या पाठी मिळून पुन्हा ओळ झाली, खांद्याला खांदा, पोकळीला पोकळी. वाऱ्याने रिकाम्या जागांतून वाट काढली.

"वाका," गोमीबाई म्हणाली.

वाकले.

"डोलं मिटा. आता ती हाळी आयका. कुठून आली? हात करून दाखवा. नाव नको. नुसती दिशा."

ऊन मानांवर आलं. खाजणात एक टिटवी ओरडली आणि थांबली. सोळा मिटलेल्या पापण्यांआड दहा वाजले. सोळा जणांच्या कानांत तो आवाज पुन्हा उठला, भरदार, ठाम, गावाच्या सवयीचा. कारण सवयीचा नसता तर ते उतरलेच नसते. परक्याच्या हाळीवर खारबोरीचा पाय हलत नाही.

पहिला हात बारकीबाईचा. काळा, सुरकुतलेला, बांगड्या मागे सरकलेला. मग जोमाचा. मग ओळीच्या दोन्ही टोकांचे. डावीकडचे उजवीकडे वळले, उजवीकडचे डावीकडे. कुणी खांद्यावरून मागे हात केला, कुणी समोर. सोळा हात, सोळा निरनिराळ्या जागांवरून निघाले आणि पूर्वेच्या बांधावर, भरतीचं पाणी आत घेणाऱ्या लाकडी दाराच्या शेजारी, बैलगाडीच्या चाकाएवढ्या एका जागेत येऊन मिळाले.

एकही हात चुकला नव्हता.

तिथे कुणी नव्हतं. चिपाडाएवढं गवत होतं आणि त्यावर ऊन होतं.

गोमीबाई चालत गेली. चिखलातून पाय उपसत, सावकाश, सरळ. बांधावर चढली. त्या चाकाएवढ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि वळली.

इथून सगळं दिसत होतं. सगळ्या पाठी, सगळे पाय. पोरीचं अंग जिथे होतं ती जागा दिसत होती आणि तिच्यावरून ओळ कशी सरकली असेल तेही दिसत होतं. इथे उभं राहून त्याने तिच्या नवऱ्याचे पाय पाहिले होते, पावलं मिटवणारे. त्याला ओळ वाकडी गेली तर सरळ करता येत होती. कुठे ठसा राहिला तर तिकडे ओळ वळवता येत होती. त्याला सगळे दिसत होते. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"आता वर बघा," ती म्हणाली.

सोळा माना वर आल्या. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा, वाफ्यात उभं राहून, वर. त्यांच्या ताणलेल्या हातांच्या टोकाला, सोळा बोटांच्या नेमावर, पोरीची आई उभी होती.

हात खाली येऊ लागले.

"हात खाली नको!" तिचा आवाज बांधाबांधावरून गेला. "हितं कोन उभा व्हता, त्ये बोला. नाव येत नाय तवर हात खाली घ्यायचा नाय. कोनाचाच नाय."

बारकीबाईचे ओठ हलले. एक अक्षर ओठांवर आलं, गोल झालं, थांबलं. तिने बांधावर बसलेल्या लेका-सुनांकडे, नातवंडांकडे पाहिलं. गाव पाहिलं. ओठ मिटले. गोमीबाईने ते येणं पाहिलं आणि ते मिटणंही पाहिलं.

इतकी वर्षं "मान खाली व्हती" म्हणत आलेली बारकी आता राहिली नव्हती. तिला माहीत होतं. किती जणांना माहीत होतं? दोघांना? सोळाही जणांना? चौतीस वर्षं गावाने जी मान खाली घातली ती दुःखाने होती, की सवयीने, की आपल्यातलाच एक सांभाळायला, हे त्या उन्हात कुणीही सांगू शकलं नसतं. पण आता मान वर होती. डोळे उघडे होते.

ऊन चढलं. बगळा उडाला. बांधावर मोबाईल वर धरून उभ्या असलेल्या एका मुलीने तो खाली घेतला. कुणीही घरी गेलं नाही.

जोमाचा हात थरथरू लागला. त्याने दुसऱ्या हाताने तो मनगटाशी धरला आणि तसाच वर ठेवला. मग बारकीबाईचा हात थरथरला, मग तिच्या पलीकडचा, मग टोकाचा. दुपारच्या उभ्या, ओंडक्यासारख्या उन्हात सोळा म्हातारे हात थरथरत राहिले. त्यांच्या टोकाला ती उभी राहिली, ताठ, तापलेली, न हलणारी. हात खाली येईनात, नाव वर येईना.