नावाड्याचा डावा हात

मित्रांनो, मी एका छोट्या विमानाची जुनी खिडकी आहे. उजव्या बाजूची, मागून तिसरी. लोक मला काच म्हणतात. खरं तर मी तापवून वाकवलेलं पारदर्शक प्लास्टिक आहे, पण कोणाकोणाला दुरुस्त करत बसणार? कारखान्यात मला इतकं लख्ख केलं, की तपासनीस बाई म्हणाल्या, "ही तर दिसतच नाही!" त्यापेक्षा मोठं कौतुक माझ्या वाट्याला आलं नाही.

आमच्या विमानाचे पंख वर, छताशी आहेत, त्यामुळे खाली पाहायला आडकाठी नाही. फेऱ्याही जवळच्या. फार उंच जायच्या आतच उतरायची वेळ होते, म्हणून माझ्यातून शेतातल्या झाडाची सावलीसुद्धा दिसते. ढगातून बाहेर पडताना अजूनही माझं भान हरपतं. आणि माणसं? खिडकीसाठी हट्ट धरतात, बसतात, पडदा ओढतात आणि घोरू लागतात. राग येतो हो!

त्या सकाळी एका कोटवाल्या गृहस्थांनी तेच केलं. पलीकडे, डाव्या खिडकीशी एक म्हातारा नावाडी आणि त्याची मुलगी बसली होती. नदीवर पूल झाला, नाव बंद पडली आणि मुलगी बापाला कायमची आपल्या घरी, शहरात नेत होती. त्याची एकच इच्छा होती. जन्मभर जिच्या एकाच वळणावर वल्ही मारली, ती नदी येते कुठून, ते एकदा पाहायचं. विमान तिच्या बाजूने जातं ते जेमतेम काही मिनिटं. पडद्याआडून मी सगळं ऐकत होते.

विमान उठलं. डावीकडे नुसतं माळरान.

"बाबा, नदी कुठाय? शहराकडे जाताना डाव्या हाताला, असं तुम्हीच म्हणालात ना? म्हणून तर ही जागा घेतली."

"डाव्याच हाताला..." म्हातारा थबकला. "अगं, मी मनातल्या मनात नावेतच बसलो की! वल्ही मारणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. माझा डावा तो तुमचा उजवा!"

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. सीटचे पट्टे बांधायचा दिवा विझताच ती गृहस्थांकडे आली.

"काका, जरा जागा बदलता का? बाबांना नदी बघायचीय."

"झोपू द्या हो."

"निदान पडदा तरी..."

"ऊन येतं डोळ्यावर."

माझा जीव टांगणीला लागला. खाली नदी सरकत चालली होती, आणि खिडकीला स्वतःचा पडदा उचलता येत नाही.

"राहू दे बाळ," नावाडी म्हणाला. "झोपलेल्या माणसाला मी नावेतही कधी उठवलं नाही. काठ आला, की मगच हाक मारायचो."

गृहस्थांनी एक डोळा उघडला. "नावेत? ह्या नदीवर नाव होती तुमची?"

"होती."

"मग आधी नाही का सांगायचं! या, या लवकर!"

सर्रकन पडदा वर गेला. नावाड्याने कपाळ माझ्यावर टेकलं. आधी त्याला पूल सापडला, काडीएवढा. पुलाशेजारी, तो जिथे नाव लावायचा तो उतार.

"एवढीशी?" तो पुटपुटला.

मग त्याने नजर वर नेली. दूर डोंगरांतून तीन प्रवाह निघाले होते, रानं ओलांडत, वळत, एकमेकांना मिळत. आणि पाण्यावरचं सूर्याचं लखलखतं प्रतिबिंब विमानाबरोबर या वळणावरून त्या वळणावर धावत होतं, थेट उगमाकडे.

"केवढी गं तू!" तो म्हणाला. "आणि मला वाटायचं, मी तुला ओळखतो."

गृहस्थही वाकून पाहत राहिले. मीही थरारले होते.

उतरण्याआधी नावाड्याने माझ्यावर उमटलेला कपाळाचा डाग बाहीने हलकेच पुसला, उतारू बसण्यापूर्वी नावेची फळी पुसायचा तसाच.

मित्रांनो, आता माझ्यावर चरे पडले आहेत. येत्या दुरुस्तीत मला काढतील. माझ्या जागी येईल तिला मऊ फडक्याने पुसा, नख लावू नका. जागा निवडताना कोणत्या हाताला काय दिसतं ते विचारा, आणि कोण कुठे तोंड करून सांगतंय तेही पाहा. मग पडदा वर ठेवा. आजवर माझ्यावरचे हजारो डाग पुसले गेले, त्याचं काही वाटलं नाही. तो एक तेवढा राहायला हवा होता.