गोल सोडून पुढे आलेला

"निळ्यांचा चेंडू! निळ्यांचा तो उंच पोरगा घेऊन निघालाय... एकाला चकवलं, दुसऱ्यालाही चकवलं... अरे बाबा, पास दे की आता, घरी न्यायचाय का तो चेंडू?"

अख्खं मैदान खदखदून हसलं. उंच पोरगा बावरला आणि चेंडू त्याच्या पायातून निसटून बाहेर गेला. लाकडी मचाणावर माइक धरून उभ्या असलेल्या ताईनं लगेच सांगून टाकलं, "गेला! नेला नाही घरी, थेट गटारात!"

ताई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. गावातल्या लहानथोरांना तिचा आवाज आईच्या हाकेइतका ओळखीचा होता. तिची एक खोड मात्र सगळ्यांना छळायची. गाडी फाटकातून आत वळलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती "आली" म्हणत नसे. स्टँडमास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे. "अहो, सांगून टाका ना, वळणावर आलीय. लोक माझा जीव खातायत!"

"खाऊ द्या. मला अजून दिसली नाही."

ही खोड तिला लावली तिच्या भावानं. लहानपणी गल्लीत एका पत्र्याच्या फाटकासमोर तो गोलकीपर म्हणून उभा राहायचा, म्हणून त्याचं नावच फाटक पडलं. ही पाण्याच्या टाकीवर चढून सामन्याचं वर्णन करायची. एकदा चेंडू रेषेवर असतानाच ही बोंबलली, "गोल!" आणि यानं तो रेषेवरच दाबून धरलेला! तो तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "तायडे, दिसलं तेवढंच बोल. पुढचं मनानं जोडायचं असेल, तर खाली उतर आणि भांडी घास."

फाटक चणीनं बारका होता. बारका गोलकीपर म्हणजे समोरच्याला मेजवानीच. पण हा गोलात थांबायचाच नाही. समोरून कुणी एकटा चेंडू घेऊन आला की हा "माझा!" असं ओरडत गोल सोडून सुसाट पुढे धावायचा. बघणारे डोकं धरायचे. "अरे गाढवा, गोल मोकळा टाकून कुठं चाललास!" त्या दीडशहाण्यांना कळायचं नाही की कीपर रेषेवर थांबला तर मारणाऱ्याला डावी-उजवीकडे मैदान मोकळं मिळतं, आणि तो अंगावर धावून आला की त्याला समोर फक्त कीपर दिसतो. पुढे येणारा कीपर चेंडू छातीवर घेतो, नाकावर घेतो, पण गोल लहान करतो. आईनं या खेळापायी त्याचे पुढचे दोन दात गेलेले पाहिले होते आणि तिनं चेंडूला दिलेल्या शिव्या गल्लीला पाठ झाल्या होत्या.

हाच फाटक पुढे सैन्यात कॅप्टन झाला. आणि गेल्या साली डोंगरातल्या एका चौकीवर मारला गेला.

मारला गेला, एवढंच कळलं असतं तरी घरानं ते कसंबसं गिळलं असतं. पण पाठोपाठ वरच्या अहवालातलं एक वाक्य गावात येऊन पोचलं, *हुकूम नसताना जागा सोडली.* कुठून आलं देव जाणे. असली वाक्यं पायांशिवाय चालतात. केस कापता कापता न्हावी म्हणाला, "शेवटी माणूसच तो, घाबरला असेल." किराणावाल्याची बायको म्हणाली, "पळाला असं नाही म्हणत मी, पण..." त्या "पण"नं आईचं बाजारात जाणं बंद केलं. ज्या बाईनं भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून युद्धं केली, ती शेजारणीकडून भाजी मागवू लागली.

मग क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांना उपाय सुचला. सुचणारच! ज्यांना काही करायचं नसतं त्यांना उपाय फार सुचतात. फाटकच्या नावानं सामना भरवायचा, मैदानाच्या दाराशी पाटी लावायची आणि पाटीवर लिहायचं, *ध्वज उंच धरून, शत्रूच्या तोफेपुढे छाती काढून वीरमरण.* ध्वज कुठला, तोफ कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मध्यांतरात ताईनं हेच कागदावरून माइकवर वाचायचं, असंही ठरलं. पाटीवरचा पडदा उघडायला ते कुणाला बोलावतात? तर ज्यांची सही त्या अहवालावर होती, त्याच सैन्यातल्या मोठ्या साहेबांना!

"ताई, साहेब स्वतः येतायत म्हणजे विषय मिटला," अध्यक्ष म्हणाले होते. "आपण कशाला खोलात शिरायचं?"

"माझा भाऊ खोलात गेलाय अध्यक्ष, मला शिरावंच लागेल."

पण शिरणार कशी? तिनं काही पाहिलं नव्हतं. आणि जे दिसलं नाही ते बोलायची तिला सवय नव्हती, ना पाटीवरचं, ना न्हाव्याचं. वर्षभर ती त्या दोन्हींच्या मधे दात आवळून उभी होती.

मध्यांतराची शिट्टी झाली. ती मचाणावरून उतरली तर खाली एक काठीवाला माणूस उभा. उजवा पाय ताठ.

"फाटकसाहेबांच्या ताई ना? आवाजावरून ओळखलं. साहेब तुमची नक्कल करायचे. आमच्या संध्याकाळच्या सामन्यात गोल अडवायचे आणि स्वतःच तुमच्या आवाजात ओरडायचे, 'काय अडवलाय, काय अडवलाय!'"

"तुम्ही कोण?"

"त्यांचा वायरलेसवाला. त्या दिवशी खाली नाल्यात होतो."

मचाणाच्या आडोशाला तो घाईघाईनं बोलत गेला. मधेच ताईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "थांबा. तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं ते सेटवर ऐकलं, पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं."

"कुठवर पाहिलं?"

"भिंत आडवी येईपर्यंत."

"आणि वर्षभर कुठं होतात?"

त्यानं मान खाली घातली. "इस्पितळात होतो, ताई. बाहेर आलो तोवर अहवाल बंद झाला होता. सांगायला गेलो तर म्हणाले, तू जखमी होतास, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, गप्प राहा, नोकरी सांभाळ. बाकीच्या पोरांनाही हेच बजावलं होतं. तुम्ही सांगा. फक्त माझं काही बोलू नका. घरी लेकरं आहेत."

"नाही बोलणार," ताई म्हणाली आणि मचाणाच्या पायऱ्या धडधड चढली.

खेळाडू परत मैदानात उतरत होते. पहिल्या रांगेत मोठे साहेब, शेजारी अध्यक्ष, आणि दुसऱ्या टोकाला पदर डोक्यावर ओढून आई. अध्यक्षांनी बोटानं कागदाची खूण केली, वाचा. ताईनं कागदावर पाण्याची बाटली ठेवली आणि माइक तोंडाशी धरला.

"मंडळी, मध्यांतर संपलं, पण सामना जरा थांबवा. मी तुम्हाला दुसरा सामना सांगते. गेल्या सालचा. मैदान डोंगरातलं! वर एक चौकी, चौकीभोवती छातीएवढी दगडी भिंत. भिंतीआड फाटक आणि त्याची माणसं. खाली कोरडा नाला. नाल्यात गस्तीवरून परतलेली आपली पोरं अडकलीत, काहींना चालवत नाही. आणि समोरच्या उतारावर एक मशिनगन! नाल्यातून भिंतीपर्यंतचा सगळा चढ तिच्या नजरेत! कुणी डोकं वर काढलं की धडाड! एकदा प्रयत्न झाला, परत आत. दुसऱ्यांदा झाला, परत आत!"

अध्यक्ष ताडकन उठले.

"वायरलेसवर फाटक विचारतो, काय करू? दूर मागे बसलेले वरिष्ठ सांगतात, जागा सोडायची नाही. फाटक म्हणतो, पोरं नाल्यात आहेत. वरिष्ठ म्हणतात, जागा सोडायची नाही!"

"बंद करा! बंद करा तो माइक!" अध्यक्ष भोंगेवाल्याच्या टेबलाकडे धावले. भोंगेवाला बिडी ओढत बसला होता. तो जागचा हलला नाही.

"हात लावा अध्यक्ष, खुशाल लावा," तो म्हणाला. "वायर जुनी आहे, शॉक बसला तर मंडळाच्या खर्चानं बसेल."

अध्यक्षांनी हात असा मागे घेतला जणू शॉक बसलाच. लोक हसले आणि क्षणात पुन्हा मचाणाकडे वळले, कारण ताई थांबली नव्हती.

"फाटक रेषेवर उभा आहे! आता इथं बसलेल्या सगळ्यांनी आठवा, समोरून एकटा माणूस चेंडू घेऊन आला की फाटक काय करायचा? करायचा काय तो?"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पुढे यायचा!"

"पुढे यायचा! चौकी आपल्या माणसांच्या हातात दिली, आणि भिंतीवरून उडी मारली! आणि कसा आला? ओरडत आला, 'माझा!' त्या चौकीवर रोज संध्याकाळी फुटबॉल व्हायचा, मंडळी. नाल्यातल्या एकूणएक पोराला ठाऊक होतं, साहेब 'माझा' म्हणाले की आपण मधे लुडबुडायचं नाही, आपण मागं पळायचं! दुसरा कुठला हुकूम द्यावा लागला नाही. फाटक तिरका धावतोय, थेट मशिनगनच्या रोखानं! एका खडकाआड... गोळी झाडली... पुन्हा बाहेर! गनवाल्यासमोर आता चढ नाही, नाला नाही, एकटा फाटक! गन वळली! वळली ती त्याच्याकडे! आणि इकडे पोरं निघाली! एक भिंतीपाशी पोचला! दोघे पोचले! गस्तीबरोबर गेलेल्या स्वयंपाक्यानं एकाला पाठीवर घेतलंय, त्याचा पाय फुटलाय, स्वयंपाकी धापा टाकतोय, शिव्या देतोय, पळतोय! फाटक दुसऱ्या खडकाआड! हातात ध्वज नाही मंडळी, हातात बंदूक आहे, आणि दोन दात नाहीत! तिसऱ्या खडकाकडे निघाला... खांद्याला लागली... पडला... उठला! उठला! परत ओरडला, 'माझा!' स्वयंपाकी भिंतीला भिडला, वरून हात आले, पाठीवरच्याला आत ओढला..."

आणि ताई थांबली.

माइकमधून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. लोक पुढे झुकून बसले होते. रेफरीच्या तोंडातली शिट्टी तशीच होती.

"इथून पुढे भिंत आडवी आली," ती म्हणाली. "त्याचं शेवटचं दिसलेलं नाही. म्हणून मी ते सांगणार नाही."

मोठे साहेब उठले. चेहरा लालबुंद. "कुणी पाहिलं हे सगळं?" ते गरजले. "तुम्ही होता तिथं? अहवाल आम्ही लिहिलाय! हे सगळं आणलं कुठून?"

ताईकडे उत्तर होतं आणि ते तिला देता येत नव्हतं. ज्या बाईला जन्मात शब्द कमी पडला नाही, ती माइक धरून मुकी उभी राहिली. वर्षभराची न्हाव्याची वाक्यं, किराणावालीचा तो "पण" मैदानाच्या टोकाशी जमा होऊन वाट पाहतायत, असं तिला वाटलं. आणखी क्षणभर ती गप्प राहिली असती, तर सगळं पुन्हा तिथंच येऊन बसलं असतं. तिनं मचाणाखाली पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर लोकांची नजर तिच्या नजरेमागून गेली असती.

"मी पाहिलं."

काठी आपटत वायरलेसवाला मोकळ्या जागेत आला. "स्वयंपाक्याच्या पाठीवर मी होतो, साहेब. तो पुढे पळत होता आणि माझं तोंड मागे होतं. म्हणून मला दिसलं. आणि तुमचा हुकूमही खाली माझ्या सेटवर ऐकू आला होता, दोन्ही वेळा."

साहेबांनी त्याला ओळखलं. ते सगळ्यांना दिसलं. "युद्धात हुकूम म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही बसा," आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. आवाज तोच, कोथिंबिरीच्या काडीवरून युद्धं करणारा. साहेब बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आई वायरलेसवाल्याजवळ गेली. त्याच्या ताठ पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "गेली का सगळी पोरं आत?"

"गेली, आई. सगळी गेली. शेवटचा मीच."

"आणि ती जागा? सोडली म्हणतात ती?"

"चौकी? चौकी आजही आपलीच आहे."

आईनं मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिली. मग अध्यक्षांकडे वळली. "ती पाटी काढा. हातात ध्वजबिज काही नव्हता त्याच्या. एवढा मोठा दांडा धरून माझा पोरगा धावला असता कसा?"

कुठूनतरी हुंदका आला, कुठूनतरी हसू. तेवढ्यात मागच्या रांगेतला न्हावी उठला. सरळ दाराशी गेला, पाटीवरचा पडदा ओरबाडून काढला आणि खिळे उपसायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यामागून आणखी काहीजण धावले आणि अध्यक्षही धावले, पण त्या वेळी साहेब गाडीकडे निघाले होते आणि अध्यक्षांना दोन्हीकडे एकाच वेळी धावता येईना.

मचाणावर ताईनं गाल पुसले. माइकवर बोटानं टकटक केलं. भोंगेवाल्यानं आवाज पार वरच्या टोकाला नेऊन ठेवला.

"मंडळी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मैदान ओलांडून, दुकानं ओलांडून, पार पत्र्याच्या फाटकाच्या गल्लीत गेला, "कीपर पुढे आला होता. गोल झालेला नाही!"

मग ती रेफरीवर खेकसली, "आता वाजव की ती शिट्टी! गिळायची आहे का?"