पुस्तकाला सुट्टी

खिळ्याला हाक मारणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं. छापखान्यात जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणून नाव पडलं खिळ्या. नाव ठेवणारा दणक्या, तिथलाच मशिन चालवणारा, तोही दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेलेला. दर रविवारी दुपारी दोघं फोन कानाला लावून आपापल्या कॉम्प्युटरांना बुद्धिबळ खेळायला बसवायचे. आठवडाभरात खिळ्याच्या तोंडून शब्द निघायचे ते तेवढेच.

दणक्याच्या जावयानं त्याला बुद्धिबळ खेळणारा तगडा प्रोग्राम, म्हणजे इंजिन, बसवून दिलं होतं. खिळ्याचं जुनंपानं, धापा टाकणारं. सारखा हरून खिळ्या इरेला पेटला. इंजिनाला सुरुवातीच्या चालींचं पुस्तक जोडता येतं. त्यात चाल सापडली की इंजिन डोकं न चालवता ती खेळून मोकळं होतं. बायको गेल्यापासून संध्याकाळ खायला उठायची. तो प्रूफ तपासावं तशी एकेक चाल तपासून पुस्तकात भरत बसला.

आणि जिंकू लागला. खिळ्याच्या पुस्तकानं पुढे केलेलं फुकटचं प्यादं दणक्याचा पैलवान मिटकन गिळायचा. घशात गळ अडकला हे कळेपर्यंत वजीर गेलेला असायचा.

"ही काय बुद्धी झाली? नुसती पोपटपंची!" दणक्या करवादला.

"तुझा पैलवान खादाड, त्याला मी काय करू?"

"सोडला डाव. आणि ऐक, पुढल्या रविवारी धरू नकोस. लेक बाहेर चल म्हणते. तसंही यात आता मजा नाही राहिली."

फोन बंद झाला. खिळ्यानं कपाला हात लावला. चहा अजून गरम होता.

आधी हरायचा तेव्हा दुपार कशी सरायची कळायचं नाही. इंजिनं विचार करत बसायची आणि तेवढ्यात दणक्याचे गुडघे, नातीचे हट्ट, फोरमननं उलटी छापलेली पत्रिका, सगळं निघायचं. आता पुस्तक फटाफट चाली टाकत होतं. बोलायला फटच उरली नव्हती.

रविवारी त्यानंच फोन लावला.

"निघालोच होतो रे," दणक्या म्हणाला.

"एकच डाव. मग खुशाल जा."

खिळ्यानं पुस्तक बंद केलं. दोन चाली झाल्या आणि त्याचं इंजिन घुटमळलं.

"काय रे, बंद पडलं?"

"विचार करतंय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "जेवतोस का वेळेवर? का पावावरच भागवतोस?"

"भाजी करतो. करपते."

"झाकण ठेव, गाढवा. पाण्याचा हबका मार."

घोडा गेला तेव्हा गप्पा दणक्याच्या गुडघ्यांवर आल्या होत्या. हत्ती गेला तेव्हा उलट्या पत्रिकेवर. दोघं ठसका लागेपर्यंत हसले. मग खिळ्यावर मात झाली.

"पुस्तक कुठं गेलं तुझं?"

"सुट्टी दिली."

 दणक्या म्हणाला, "पुढल्या रविवारीही असू दे सुट्टी. लेकीला सांगतो, एका खिळ्याला ठोकायचंय."

फोन ठेवल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. पडद्यावर खिळ्याचा राजा कोपऱ्यात एकटा उभा होता. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. बंद करायला गेलेला हात त्यानं मागे घेतला. तेवढाच आवाज घरात.