नणंद, भावजय आणि अनेकवचन

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे, मित्रांनो. वजन साडेतीन किलो. त्यात पानं किती आणि धूळ किती, ते विचारू नका. माझा जन्म झाला तेव्हा इंग्रजीत ‘टुडे’ हा एवढासा शब्दसुद्धा मधे आडवी रेघ देऊन दोन तुकड्यांत लिहीत. माझ्या पोटात तो अजून तसाच आहे. पुढे ती रेघ गळून पडली म्हणे. मला कुणी कळवलं नाही.

एका छापखान्याच्या तपासणीच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. खोली कसली, जिन्याखालची जागा ती. उतरतं छत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीपलीकडे यंत्राची धडधड. एका खुर्चीवर मालकांची थोरली बहीण, अक्का. दुसरीवर मालकांची बायको, वहिनी. नणंद-भावजया दागिन्यांवरून आणि भाजीतल्या मिठावरून भांडतात, असं मी छापायला आलेल्या कादंबऱ्यांमधून ऐकून होतो. या दोघी भांडायच्या इंग्रजी अनेकवचनांवरून.

अक्का शाळेत जे शिकल्या ते दगडावरची रेघ. वहिनींचा विश्वास कालच्या वर्तमानपत्रावर.

“वन्सं, हल्ली असं कुणी लिहीत नाही हो.”

“हल्ली लोक न चावता जेवतात. म्हणून मीही गिळू का?”

मग दोघींचे हात एकदम माझ्याकडे यायचे. मी उघडला जायचो आणि खोलीत शांतता पसरायची. मित्रांनो, न्यायाधीशालाही एवढा मान नसेल. जी हरे ती म्हणे, “हा कोशच जुना झालाय,” आणि जी जिंके ती माझ्या पाठीवरून हात फिरवी. दुसऱ्या दिवशी पारडं फिरलेलं असे.

कामाची रीत मात्र दोघींनी कधी मोडली नाही. एकीनं मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविरामासकट. दुसरीनं छापून आलेल्या कागदावर बोट ठेवून पडताळायचं. एकटीच्या डोळ्यांवर भरवसा नाही. मनात असतं तेच डोळ्यांना दिसतं, असं अक्का म्हणायच्या.

एके दिवशी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. तीस वर्षं गच्चीत कॅक्टस वाढवून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं, पहिलं आणि बहुधा शेवटचं.

“वडिलांची नजर रोज थोडी थोडी चाललीय,” त्या म्हणाल्या. “माझं नाव जरा मोठ्या अक्षरांत घ्या. त्यांना वाचता येतंय तोवर पुस्तक हातात पडू दे.” आणि जाता जाता त्यांनी आगीत तेल ओतलं. “मी मजकुरात ‘कॅक्टाय’ही लिहिलंय आणि ‘कॅक्टसेस’ही. मथळ्यात काय शोभतं, ते तुम्हीच ठरवा.”

झालं! अक्का ‘कॅक्टाय’च्या बाजूनं, वहिनी ‘कॅक्टसेस’च्या. मला उघडलं. आता कबूल करतो: माझ्या पानावर दोन्ही रूपं शेजारीशेजारी छापलेली होती. दोघींनी आपापलं तेवढं वाचलं. वाचणारी माणसं अशीच असतात. कोशाला दोष देऊन काय उपयोग?

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या काकांनी बाईंचं नाव मोठ्या अक्षरांत जुळवलं, दोऱ्यानं बांधलं आणि खिडकीत ठेवलं. तेवढ्यात मथळा बदलायचा निरोप आला. तासाभरानं पुन्हा बदलायचा. संध्याकाळी तिसऱ्यांदा. शेवटचा कागद तपासायला आला तेव्हा दोघी एकाच मथळ्यावर वाकलेल्या होत्या. त्या दिवशी मूळ हस्तलिखित कुणाच्याच हातात नव्हतं. ‘कॅक्टसेस’ छापायचं ठरलं. अक्कांनी हार मानली नव्हती, फक्त चहा आला होता.

तीनशे प्रती बांधून तयार झाल्या. बाईंनी पहिली उघडली, पान उलटलं, परत मागे आल्या.

“माझं नाव कुठंय?”

मालकांनी घाम पुसला. “आपण शुद्धिपत्र घालू आत. ‘लेखिकेचे नाव असे वाचावे.’”

“म्हणजे माझं नाव चुकांच्या यादीत?” बाई हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्का उठल्या. “उद्या संध्याकाळी तीनशे प्रती घेऊन जा. नावासकट.”

“अगं अक्का, बांधलेली पुस्तकं यंत्रात कशी घालणार?” मालक म्हणाले.

“यंत्रात कोण घालतंय?”

वहिनी एव्हाना खिडकीतलं ते बांधलेलं नाव घेऊन आल्याही होत्या. एकीनं अक्षरांना शाई लावून हातानं दाबायचं, दुसरीनं पान ताणून धरायचं. मला उघड्या पुस्तकावर वजन म्हणून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी न उघडता कामाला आलो.

“सरळ धर.”

“धरलंय. तुम्ही दाबा.”

त्या दोन दिवसांत अनेकवचनाचा विषय निघाला नाही. अक्कांचं मनगट सुजलं तेव्हा वहिनींनी जागा बदलली.

आठवड्यानं बाई पुन्हा आल्या. “वडिलांना आता मोठं अक्षरही धूसर दिसतं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही एवढा जोर लावलाय की कागदात खळगे पडलेत. त्यांनी बोटानं वाचलं. दोनदा.”

अक्का पदरानं डोळे टिपू लागल्या.

“वन्सं, आधी चष्मा तरी काढा,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचाही पदर डोळ्यांकडे गेला.

त्यानंतर नियम झाला: आधी नाव, मग वाद. वाद मात्र थांबला नाही, आणि मी तर म्हणतो, तेच बरं झालं. अक्का गेल्या तेव्हा वहिनींनी समोरची खुर्ची हलवू दिली नाही. अवघड शब्द आला की त्या मान वर करायच्या, क्षणभर थांबायच्या, मग मला उघडायच्या. कुणी खोडून काढणारं नसलं की बरोबर असण्यातही मजा राहत नाही.

आता तिथे संगणक आहे. तो चुकीखाली तांबडी रेघ ओढतो, पण भांडत नाही. मी त्याच्या पडद्याखाली उंचीसाठी ठेवलेला असतो. मित्रांनो, जुनी पुस्तकं जपा. बोट ओलं करून पान उलटू नका. तुमचं म्हणणं खोडून काढणारं माणूस तर त्याहून जपा. आणि माझं एक काम करा. माझं पहिलं पान केव्हाच गळून गेलं, पाठीवरची सोनेरी अक्षरंही झिजली. तेव्हा कधी भेटलात तर पाठीवरून एकदा बोट फिरवून बघा. कदाचित माझंही नाव बोटाला लागेल.